नस जाळली तर रक्त कुठून जाणार?

पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझं वय ४७. डोंबिवलीत गेली चौदा वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवते, मदतीला तिघी जणी आहेत. पहाटे पाचला तवा तापतो तो दुपारी एकपर्यंत, पुन्हा संध्याकाळी चार ते आठ. सगळं काम उभ्याने. दुसऱ्या बाळंतपणापासून डाव्या पोटरीवर शिरा फुगल्या आहेत, पण दुखत नव्हतं म्हणून लक्ष दिलं नाही. चार वर्षांपूर्वी घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळपट झाली. खाज सुटायची, मेडिकलमधून ट्यूब आणून लावायचे. दोन महिन्यांपूर्वी खाजवताना तिथे जखम झाली, ती आता रुपयाएवढी झाली आहे. हळद लावून झाली, पावडर टाकून झाली, भरत नाही. शुगर नाही, गेल्या वर्षी तपासली होती.

सासूबाई म्हणतात नसेवर नस चढली आहे, गरम तेलाने चोळून घे. शेजारच्या काकू म्हणतात जळवा लावून घे. एका डॉक्टरांनी लेझरने नस जाळावी लागेल म्हणून सांगितलं, तेव्हापासून झोप नाही. नस जाळली तर पायाला रक्त कुठून जाणार? उद्या पायच गेला तर केंद्र कोण बघणार? माझ्या आईलाही असंच होतं, तिची जखम शेवटपर्यंत भरली नाही.

आणखी एक. आमच्या ह्यांनाही चालताना पोटरीत दुखतं. स्टेशनपर्यंत जाताना दोनदा थांबावं लागतं, थांबलं की बरं वाटतं. वय ५४, दिवसाला पाकीटभर सिगारेट लागते. मी घट्ट मोजे आणले आहेत, अजून घातलेले नाहीत. ते त्यांनी घातले तर चालतील का?

उत्तर

ताई,

'आणखी एक' म्हणून जे शेवटी विचारलंत त्याचं उत्तर आधी देते: नाही. ते मोजे यजमानांना घालू देऊ नका, आत्ताच कपाटात ठेवा. दुखणं दोघांच्याही पोटरीत असलं तरी त्यांचा आजार तुमच्या नेमका उलटा दिसतो आहे. कसा, ते तुमचं झाल्यावर सांगते.

तुमच्या घरात जो तो 'नस' म्हणतो आहे, आणि गोंधळाला सुरुवात तिथूनच झाली आहे. आपल्याकडे नस म्हणजे काहीही. मान आखडली की नस चढली, कमरेतून पायात कळ गेली की नस दबली, कपाळाला ठणका लागला की नस उडते, आणि सलाइन लावताना सिस्टरला हातावर सापडत नाही ती पण नसच. पहिल्यात स्नायू असतो, दुसऱ्यात मज्जातंतू, तिसऱ्यात बहुधा धमनी आणि चौथ्यात शीर. सासूबाई स्नायूचा उपाय शिरेला सांगत आहेत. त्यांचा दोष नाही, शब्दच तसा आहे.

धमनी हृदयाकडून रक्त खाली आणते, शीर तेच रक्त परत वर नेते. तुमचा आजार शिरेचा आहे. म्हणजे तुमच्या पायाला रक्त मिळत नाही असं नव्हे. येतंय व्यवस्थित, पण परत निघत नाहीये. हे एवढं मनात पक्कं धरलंत तर पुढचं सगळं आपोआप उलगडेल, लेझरची भीतीसुद्धा.

पायातलं रक्त चार फूट वर चढवायचं तर ते मध्येच खाली घसरू नये याची सोय हवी. त्यासाठी शिरांमध्ये जागोजाग झडपा असतात. वर जाताना उघडतात, खाली येऊ लागलं की मिटतात. हे तुम्हाला स्वतःच्या हातावर बघता येईल. हात खाली सोडा, कोपराखाली एखादी ठसठशीत शीर दिसेल. तिच्या मनगटाकडच्या टोकावर एक बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे रक्त सारत न्या आणि ते दुसरं बोट उचला. मधला तुकडा रिकामाच राहतो, कारण वरच्या झडपेने रक्ताला मागे येऊ दिलं नाही. आता खालचं बोट उचला, शीर लगेच भरते. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने १६२८ साली छापलेल्या पुस्तकात हाच प्रयोग चित्रांसह दाखवला आणि रक्त शरीरात गोल फिरतं हे सिद्ध करायला त्याचा आधार घेतला. गंमत म्हणजे इटलीतल्या पादुआ इथल्या त्याच्या गुरूने, फॅब्रिशियसने, या झडपांचं वर्णन आधीच केलं होतं. पण त्या रक्ताचा वेग कमी करण्यासाठी असतात असं त्याला वाटलं. झडपा गुरूने पाहिल्या, त्या कोणत्या बाजूला उघडतात याचा अर्थ शिष्याने लावला.

झडपा रक्ताला धरून ठेवतात, वर ढकलण्याचं काम पोटरी करते. पाऊल टाकलं की पोटरीचा स्नायू आवळतो आणि आतल्या शिरा पिळून रक्त वर पाठवतो. नुसतं उभं राहिल्यावर घोट्याजवळच्या शिरेतला दाब रक्तदाबाच्याच मापात साधारण ८० ते ९० मिलिमीटर असतो, चालायला लागलं की निरोगी पायात तो ३०च्या आसपास उतरतो. आता तुमचा दिवस बघा. तुम्ही म्हणाल, बसायला मिळतच नाही, व्यायाम भरपूर होतो. हात राबतात हो, पोटरी मात्र सुट्टीवर असते. ओट्याशी एका जागी उभं राहून पोळ्या लाटण्यात तिला आवळायचं कारणच पडत नाही. वर शेगडीची धग, तिने शिरा आणखी सैलावतात. त्यात दोन बाळंतपणं झालेली. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, संप्रेरकांमुळे शिरांच्या भिंती सैल होतात, गर्भाशयाचा दाब पडतो. आणि आईकडून आलेला वारसा आहेच. या आजारात तो मोठा असतो. तुमचं काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही.

शीर ताणून रुंद झाली की झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत. वरचं रक्त खालच्या झडपेवर येऊन पडतं, मग तीही हरते. असं करत जांघेपासून घोट्यापर्यंत रक्ताचा उभा स्तंभ तयार होतो आणि त्याचा सगळा भार घोट्याजवळच्या बारीक वाहिन्यांवर येतो. त्यांतून तांबड्या पेशी बाहेर झिरपतात, मरतात, आणि त्यांच्यातलं लोह कातडीत साचून राहतं. तुमचा काळा डाग म्हणजे ते लोह. खाज, कातडी कडक होणं, मग साध्या ओरखड्याने जखम होणं, या सगळ्या त्याच्या पुढच्या पायऱ्या. आमच्या भाषेत या आजाराचे ० ते ६ असे टप्पे आहेत. नुसत्या फुगलेल्या शिरा हा दुसरा, सूज तिसरा, कातडी काळवंडणं चौथा, भरून आलेली जखम पाचवा, उघडी जखम सहावा. तुम्ही सहाव्यावर आहात. घाबरवायला सांगत नाही. चौथ्या टप्प्यावर चार वर्षं मलम लावण्यात गेली, आता वेळ घालवायला नको, म्हणून सांगते.

याच गोष्टीत मी स्वतः एकदा तोंडघशी पडले आहे. नवीन डॉक्टर असताना वॉर्डात एक इस्त्रीवाले काका होते, घोट्यावर अशीच जखम. आम्ही ज्युनियर रोज निगुतीने ड्रेसिंग करायचो, प्रतिजैविकं बदलायचो, जखमेतलं पाणी तपासायला पाठवायचो. सहा आठवडे गेले. एक दिवस आमच्या मॅडम राउंडला आल्या, जखमेकडे बघितलंही नाही, म्हणाल्या, "यांना खाली उतरवून उभं करा." काका उभे राहिले आणि दोन मिनिटांत मांडीपासून पोटरीपर्यंत दोरासारख्या शिरा फुगून आल्या. आम्ही सहा आठवडे त्यांना खाटेवर झोपवून तपासत होतो. झोपल्यावर त्या शिरा रिकाम्या होऊन दिसेनाशा व्हायच्या. जखम घोट्यावर होती, तिचं मूळ जांघेत. तेव्हापासून घोट्याची जखम घेऊन कोणी आलं की मी आधी खुर्चीतून उठायला सांगते.

म्हणून पहिली गोष्ट, कलर डॉपलर. सोनोग्राफीच आहे, सुई नाही, दुखत नाही. मात्र ती उभ्याने व्हायला हवी, दोन्ही पायांची व्हायला हवी, आणि तिच्यात वरवरच्या शिरांबरोबर खोल शिराही बघायला हव्यात. झडप मिटायला हवी तेव्हा उलटं येणारं रक्त वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ वाहिलं तर ती शीर निकामी धरतात. रिपोर्टमध्ये नुसतं 'व्हेरिकोज व्हेन्स आहेत' एवढंच असेल तर तो अपुरा आहे. कोणती शीर, कुठपासून कुठपर्यंत, किती रुंद, आणि खोल शिरा मोकळ्या आहेत का, हे त्यात लिहिलेलं असायला हवं. शुगरही पुन्हा तपासा, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी. वर्ष झालं आहे.

आता तुमचा खरा प्रश्न.

पायातलं सुमारे ९० टक्के रक्त खोल शिरांमधून परत जातं. त्या स्नायूंच्या आत, हाडाच्या जवळ असतात, बाहेरून दिसत नाहीत. जी 'जाळायची' म्हणतात ती घोट्याच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत कातडीखालून जाणारी लांब शीर. खोल शिरा हा मुख्य मार्ग, ही बाजूची लाइन. आणि तुमच्या पायात तर ती रक्त वर नेतच नाही, वरचं रक्त खाली आणून सोडते. डोंबिवलीकरांना वेगळं सांगायला नको: एखाद्या लाइनवर गाड्या उलट्या यायला लागल्या तर ती बंद केल्याने खोळंबा वाढत नाही, सुटतो.

पटत नसेल तर ओळखीत कोणाची बायपास झाली आहे का बघा. त्यांच्या पायावर एक लांब व्रण असण्याची शक्यता बरीच आहे, कारण हृदयाला जोडायला बहुतेक वेळा हीच शीर काढून घेतात. तीही चांगली, चालती. ती गेल्यावर ते लोक सकाळी बागेत फिरायला जातातच ना?

याला एक अपवाद आहे, तो लपवणार नाही. पूर्वी कधी खोल शिरेत रक्त साकळून ती बुजली असेल, तर वरवरची शीरच पर्यायी वाट झालेली असते. तेव्हा ती बंद करण्याआधी फार विचार करावा लागतो. डॉपलरमध्ये खोल शिरा बघायच्या त्या यासाठीच. दुसऱ्या बाळंतपणानंतर एकच पाय अचानक सुजून दुखला होता का, आठवून बघा आणि आठवलं तर डॉक्टरांना सांगा.

'जाळणं' हा शब्दच वाईट आहे, ऐकून कोणाचीही झोप उडेल. होतं असं की सोनोग्राफीत बघत गुडघ्याजवळ किंवा त्याखाली एका सुईएवढ्या छिद्रातून बारीक तार शिरेत सरकवतात. शिरेच्या भोवती भूल मिसळलेलं सलाइन भरतात, त्यामुळे उष्णता बाहेर लागत नाही आणि दुखतही नाही. मग लेझरने किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर आतून आकसून बंद करतात. तासाभराचं काम. त्याच दिवशी चालत घरी जाता येतं. चालावंच लागतं, झोपून राहायचं नसतं. काही ठिकाणी उष्णता न वापरता वैद्यकीय गोंदाने शीर चिकटवतात. उरलेल्या वेड्यावाकड्या शिरांमध्ये औषधाचा फेस टोचतात किंवा त्या बारीक छेदांतून काढून टाकतात. जांघेत छेद देऊन शीर बांधायची आणि ओढून काढायची जुनी शस्त्रक्रियाही अजून होते, आणि ती वाईट नाही. सरकारी रुग्णालयात तीच सुचवली तर नाक मुरडू नका. लेझरवाल्यांच्या जाहिराती बघून तसं वाटतं खरं.

त्रास काहीच होत नाही असं नाही. आठवडा-दोन आठवडे मांडीवर काळंनिळं होतं, ओढल्यासारखं वाटतं. काहींना घोट्याजवळ काही महिने बधिरपणा राहतो. क्वचित खोल शिरेत गुठळी होऊ शकते, म्हणून नंतर पुन्हा सोनोग्राफी करतात. काही वर्षांनी दुसऱ्याच शिरेत हा आजार परत येऊ शकतो, कारण शिरांचा पिंड तोच असतो. 'शंभर टक्के कायमचा इलाज' असं कोणी बोर्डावर लिहिलं असेल तर दुसरं दार बघा.

आधी जखम भरू दे, मग शीर बघू, असं तुम्हाला कोणी म्हणेल. पूर्वी आम्हीही म्हणायचो. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशाच जखमा असलेल्यांचे दोन गट केले होते. दाब देणारी पट्टी दोघांनाही बांधली. एका गटाची शीर लगेच बंद केली, दुसऱ्याची नंतर. निम्म्या रुग्णांच्या जखमा भरायला पहिल्या गटात ५६ दिवस लागले, दुसऱ्यात ८२. तेव्हा डॉपलरमध्ये शीर निकामी निघाली तर थांबण्यात फायदा नाही, हे मी तुम्हाला ठामपणे सांगते.

दोन्ही गटांत पट्टी होती हे लक्षात आलं का? ती टळत नाही. जखमेवर साधं, न चिकटणारं ड्रेसिंग आणि त्यावर पायाच्या बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत दाबपट्टी, घोट्याशी जास्त घट्ट आणि वर जाताना सैल होत जाणारी. ती बांधण्याआधी पायाची नाडी बघायला हवी आणि घोट्याच्या रक्तदाबाची दंडाच्या रक्तदाबाशी तुलना करायला हवी. धमन्या ठीक आहेत याची खात्री झाल्याशिवाय घट्ट पट्टी बांधू नये, तुम्ही आणलेले मोजेही तोपर्यंत नकोत. पट्टी जाणत्या हाताने बांधून घ्या, यूट्यूब बघून नको. जखम भरली की मोजे. बहुधा दाबाच्या दुसऱ्या वर्गाचे, गुडघ्याखालचे पुरतात, पण माप घेऊनच. सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवण्याआधी घालायचे, रात्री झोपताना काढायचे. पाय खाली सोडून दोन तास झाल्यावर घालायला गेलात तर चढणारच नाहीत, आणि चढले तरी सूज आत कोंडून बसेल. सहा महिन्यांनी त्यांचा ताण जातो, तेव्हा बदलायचे. ओट्यासमोर उन्हाळ्यात ते नकोसे होतात, माहीत आहे मला. निदान सकाळच्या पाळीला तरी घाला.

गरम तेलाने रगडणं बंद. कोरड्या, खाजऱ्या कातडीला हलक्या हाताने खोबरेल तेल लावायला हरकत नाही, जखमेत नको. हळद, पावडर, मेडिकलमधली खाजेची ट्यूब, तिन्ही थांबवा. त्या ट्यूबांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. त्याने खाज शमते, पण कातडी पातळ होते, आणि तुमची आधीच कागद झाली आहे. जळवांबद्दल तुमच्या शेजारणीचं म्हणणं हवेतलं नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थान या भागात जळवा कशा निवडाव्यात, कशा लावाव्यात यावर अख्खा अध्याय आहे. साचलेलं थोडं रक्त निघून गेल्यावर पाय हलका वाटत असेलही. पण जळू झडप दुरुस्त करत नाही, जांघेतून उतरणारं रक्त संध्याकाळपर्यंत ती जागा पुन्हा भरून टाकतं, आणि जळवेच्या पोटातले जंतू उघड्या जखमेत जायला नकोत. सूज आणि जडपणा कमी करणाऱ्या गोळ्याही असतात. त्यांनी बरं वाटतं, झडप त्याही शिवत नाहीत.

केंद्र बंद करायला मी सांगणार नाही, पण त्याची मांडणी बदला. लाटणं बसून होतं. उंच स्टूल आणि ओट्याखाली पाय टेकायला पाट. तव्यावरच्या बाईने उभं राहावं, आणि तासातासाने तुम्ही चौघींनी जागा बदलाव्यात. उभ्याने असताना दर दहा पोळ्यांमागे दहा वेळा टाचा उचला, दुसरं काही जमलं नाही तरी हे जमेल. दुपारी एक ते चारमध्ये वीस मिनिटं आडव्या व्हा आणि पाय भिंतीला लावून छातीपेक्षा वर ठेवा. खुर्चीत बसून पाय खाली सोडणं ही शिरांच्या दृष्टीने विश्रांती नाही. केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं मालकांवर कायद्याने बंधनकारक केलं, ते उगाच नाही. तुमच्याकडे मालकीणही तुम्हीच आणि कामगारही. स्टूल आणताना चार आणा.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाही, पण झोप न येण्यात त्याचाही वाटा असणार. शहराप्रमाणे, रुग्णालयाप्रमाणे आकडा खूप बदलतो, म्हणून इथे देत नाही. जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, तुमचा उपचार योजनेत बसतो का ते त्यांना आधी विचारा. विमा असेल तर पॉलिसी काढून बघा. अनेक पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्ससाठी सुरुवातीची दोन वर्षं पैसे मिळत नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जखमेचा उल्लेख स्पष्ट हवा, नाहीतर 'दिसण्यासाठी केलेला उपचार' म्हणून दावा अडकू शकतो.

एक गोष्ट मदतीच्या तिघींनाही सांगून ठेवा. अशा फुगलेल्या शिरेतून कधी अचानक रक्ताची धार लागते, दुखत नाही म्हणून कळतही नाही, आणि आजूबाजूचे लोक घाबरून बाईला खुर्चीत बसवतात. तसं केलं तर रक्त थांबत नाही. जिथे असाल तिथे जमिनीवर आडवं करायचं, पाय वर उचलायचा आणि स्वच्छ फडक्याने जागेवर बोटाने दाबून धरायचं, दहा-पंधरा मिनिटं, मध्ये उघडून न बघता. मांडीला दोरी आवळायची नाही. मग रुग्णालय. आणि एकच पोटरी एकदोन दिवसांत सुजून कडक, गरम झाली, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखलं, तर ती खोल शिरेतली गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. तेव्हा चोळायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही. योग्य उपचार करूनही जखम तीन महिन्यांत भरू लागली नाही, तर तिचा छोटा तुकडा तपासायला पाठवावा लागतो, कारण जुन्या जखमेत क्वचित कर्करोग निघतो. तुमच्या आईच्या वेळी डॉपलर सहजी मिळत नव्हतं. तिची जखम भरली नाही म्हणून तुमची भरणार नाही, असं मुळीच नाही.

आता यजमान.

चालल्यावर पोटरी आवळून येणं, ठरावीक अंतराने थांबावं लागणं, थांबलं की दोनचार मिनिटांत बरं वाटणं, वय ५४ आणि रोजचं पाकीट. ही जवळजवळ पाठ्यपुस्तकातली ओळ आहे. त्यांच्या पायाला रक्त पोचत नसावं. त्यांचा बिघाड शिरेत नाही, धमनीत दिसतो. शिरेच्या आजारात पाय उभं राहून दुखतो आणि वर ठेवला की हलका होतो. धमनीच्या रुग्णांचा पाय चालल्याने दुखतो, आणि आजार वाढला की रात्री झोपल्यावर दुखायला लागतो, खाली लोंबता सोडला की बरं वाटतं. तुमची जखम घोट्यावर झाली, त्यांना झाली तर बोटांच्या टोकांवर किंवा टाचेवर होईल. मोजे का नकोत ते आता कळलं असेल: जिथे रक्त आधीच कष्टाने पोचतंय तिथे बाहेरून आवळलं तर बोटं काळी पडू शकतात.

त्यांची तपासणी सोपी आहे. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून भागाकार करतात, ०.९ किंवा त्याहून कमी आला तर धमन्या अरुंद झाल्या असं धरतात. मला काळजी पायापेक्षा हृदयाची आहे. पायाच्या धमन्यांत जे साचतं तेच हृदयाच्या आणि मेंदूच्याही धमन्यांत साचत असतं, त्यामुळे अशा माणसांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका बराच जास्त असतो. शुगर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, ईसीजी, सगळं एकदमच करून घ्या. उपचारात रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी, आणि चालणं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ गेली की पुन्हा, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा. तीन महिन्यांत अंतर वाढतं. हे सगळं डॉक्टरांनी तपासून सुरू करून दिल्यावर. फार अरुंद धमनी फुग्याने रुंद करता येते, बायपासही होते. पण सिगारेट चालू ठेवून यातलं काहीही टिकत नाही. कमी करतो, सोमवारपासून करतो, फक्त जेवणानंतरची ठेवतो, ही सगळी वाक्यं मी ऐकलेली आहेत आणि त्यांतल्या काहींचे पाय नंतर कापावे लागलेले पाहिले आहेत. पायाचं एखादं बोट निळं-काळं झालं, पाय अचानक गार पडला किंवा बधिर झाला तर त्याच तासाला रुग्णालय गाठायचं.

तेव्हा दोघांची वेळ एकाच दिवशी घ्या, रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे. दुपारची, एक ते चारच्या मधली घ्या, म्हणजे केंद्र बुडणार नाही आणि सकाळभर उभ्या राहिल्यामुळे शिरा भरलेल्या असतील. सलवार गुडघ्यावर सरकेल अशी सैल घाला. यजमानांना रिक्षाने नेऊ नका, जवळ असेल तर चालत न्या, आणि किती पावलांवर थांबावं लागलं ते मोजून डॉक्टरांना सांगा. आणि तपासायच्या खाटेवर चढण्याआधी तुम्ही दोन मिनिटं उभ्याच राहा.